बैठकीतला बल्ब

१

दिवेलागणीला अमीरबी बैठकीचं बटण दाबायची, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायची आणि लगेच वर बघायची. बल्ब लागला का हे बघायला नव्हे, तो हलतोय का हे बघायला. त्या हिवाळ्यात लातुरात घरोघरी असंच बघत. सप्टेंबर संपता संपता एका पहाटे जमीन हलली, किल्लारीकडची गावंच्या गावं बसली, आणि तेव्हापासून छताला टांगलेला बल्ब हा घरातला सगळ्यात जाणता माणूस झाला. तो गप्प लटकून असेल तर जेवा, झोपा, भांडा. तो झुलायला लागला की हातातलं टाकून अंगणात पळा.

अमीरबीच्या घरातल्या बल्बाला झुलायला फुरसतच मिळत नव्हती. तो आधीच जायचा.

‘हारिस, गेला बघ,’ ती अंधारातून म्हणाली.

‘परवा तर लावलाय, अम्मी.’

‘मग परवाचा गेला म्हण.’

‘हारिस शाळेत टिकला तेवढा तरी बल्ब टिकावा की,’ स्वयंपाकघरातून त्याची थोरली बहीण नाझनीन म्हणाली, आणि अंधारात बसलेली सगळी पुन्हा हसली.

हारिस चौथीत शाळेतून निघाला होता. मास्तरांनी कान पिळला म्हणून खिडकीतून उडी मारून घरी आला तो परत गेलाच नाही. तेव्हा थोरला भाऊ अबुजर त्याला ओरडला नाही. नुसता तारेचं भेंडोळं त्याच्या खांद्यावर टाकून म्हणाला, ‘चल मग कामाला.’ त्यांचा लायटिंगचा धंदा होता. शादी असो, उरूस असो, गणपती असो, अबुजर वर चढायचा आणि हारिस खालून माळा द्यायचा. शेवटचं काम किल्लारीकडच्या एका गावच्या गणपतीचं. विसर्जन झालं, माळा सकाळी उतरवू म्हणून अबुजर तिथंच एका ओसरीवर झोपला. त्या वेळी हारिस लातुरात होता, तापानं फणफणलेला. माळा अजून आल्या नव्हत्या. अबुजरला आणलं होतं, मातीही दिली होती.

या घरात आता एकच काळजी होती. नाझनीनला बघायला उदगीरचे पाहुणे आले होते, चहा झाला, बोलणं ठरत आलं, आणि बैठकीतला बल्ब फटकन गेला. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं अंधारातच काठी शोधली. ‘ज्या घरात उजेड टिकत न्हाई,’ एवढंच म्हणाला आणि उठला. आता धर्माबादच्या एका मिरचीवाल्या घराकडून विचारणा आली होती. मुलाचं नाव मकसूद. नाझनीननं त्याचा फोटो बघितला होता आणि आपण बघितलाच नाही असं सगळ्यांना सांगत होती.

२

बल्ब लवकर का जातो याची कारणं हारिसला पाठ होती. होल्डर ढिला असला की आत ठिणग्या उडतात. विजेचा दाब वाढला की काच आतून काळी पडते आणि बल्ब जातो. माल हलका असला तर कशानंही जातो. आणि पेटलेल्या बल्बाला धक्का बसला तरी जातो. विझलेला बल्ब खिशात घालून सायकलवर हिंडा, काही होत नाही. पण पेटलेला असताना आतली तार मऊ झालेली असते, टिचकीसुद्धा तिला सोसत नाही. म्हणून अबुजर जळत्या माळेला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

हारिसनं होल्डर बदलला. वर तुळईपर्यंतची वायर नवी ओढली. ओळखीच्या मिस्त्रीकडून दाब मोजायचं मीटर आणून संध्याकाळभर मांडीवर घेऊन बसला. काटा जागचा हलला नाही आणि बल्ब त्याच्या डोळ्यांदेखत गेला. मग त्यानं गेलेले बल्ब खिडकीपाशी ओळीनं मांडून बघितले. एकाचीही काच काळी नव्हती. कानाशी नेऊन हलवले की आत किणकिण व्हायची, तुटलेल्या तारेची. प्रत्येकाची तार मधोमध, स्वच्छ तुटलेली.

‘धक्क्यानं गेलेत हे,’ तो म्हणाला.

‘कसला धक्का?’ विरूपाक्षनं विचारलं.

विरूपाक्ष त्यांच्या गोदामातल्या खोलीत राहायचा. तो त्याच गावचा, जिथं अबुजर शेवटचा गेला होता. त्याचं घर पडलं, आईबाप पत्र्याच्या शेडात राहायला गेले, आणि बापानं पोराला उचलून लातुरात आणलं, कारण बारावी काही भूकंपासाठी थांबणार नव्हती. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. विरूपाक्षचा क्लास मैदानातल्या शेडात भरायचा, आणि तिथं सर फळ्याकडं कमी आणि वरच्या बल्बाकडं जास्त बघतात असं तो सांगायचा.

‘तू सांग की. तू शिकून राहिलास ना विजेचं?’

विरूपाक्षनं डोळे मिटले. ‘बल्बातील तार टंगस्टनची असते. कारण टंगस्टनचा द्रवणांक उच्च असतो. दोन मार्क.’

‘मग जातो का?’

‘त्ये सिलॅबसमध्ये न्हाई.’

घरामागं पिठाची गिरणी होती. तिच्या थरथरीनं तार तुटत असणार, हारिसनं ठरवलं. गिरणीवाल्या ज्ञानोबाशी तो तडक भांडूनही आला. ज्ञानोबानं शांतपणे ऐकून घेतलं. ‘बाबा, माझा पट्टा तुटलाय. चार रोज झाले, गिरणी बंद हाय,’ तो म्हणाला. ‘भांडण झालं आसंल तर पट्टा वढायला हात लाव.’

हारिसनं हात लावला. घरी आला तेव्हा बल्ब गेलेला होता.

३

मधूनमधून जमीन अजून हलायची. छोटे हिसके. तेवढ्यासाठी घराची एक रीत बसून गेली होती. बल्ब झुलला की आधी बोलायचं नाही, पळायचं, अंगणात हौदापाशी उभं राहायचं, सगळे आलेत का ते बघायचं, मग घाबरायचं.

रीत ठीक होती, माणसं वेगळी होती. अमीरबी दर वेळी चुलीवरचं पातेलं घेऊन पळायची. विरूपाक्ष केमिस्ट्रीचं गाईड छातीशी धरून यायचा. नाझनीन आरशात बघून यायची असं हारिस म्हणायचा. हारिस स्वतः काहीच न घेता सगळ्यांत आधी बाहेर असायचा. तो पळायचा नाही, तो उडायचा. त्या घाईत एकदा त्यानं पडदाच दांडीसकट ओढून अंगणात आणला होता.

‘नवरदेव आला,’ पडद्यात गुंडाळलेल्या हारिसकडं बघून नाझनीन म्हणाली, आणि पायाखालची जमीन अजून नीट थांबलेली नसताना ती चौघं हौदाला धरून हसली. अमीरबीच्या हातातल्या पातेल्यातलं वरण हिंदकळून तिच्या पायावर पडलं. पोरगा गेल्यावर ती पहिल्यांदा खळखळून हसली ती त्या दिवशी. आत घरात, कुणी बटणाला हात न लावता, बल्ब गेला.

त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नाझनीनच्या आलं. पण ती लगेच बोलली नाही.

४

‘आपण हसलो की जातो,’ ती एका शुक्रवारी म्हणाली.

‘काय?’

‘बल्ब. आठवून बघ. भांडलो तेव्हा गेला का कधी? जेवताना गेला? अम्मी रडत होती त्या रात्री सकाळपर्यंत जळला. हसलो की जातो.’

हारिसला हा सरळ वेडेपणा वाटला. म्हणून तो लगेच तपासायला निघाला. तिघं चटईवर बसली, बल्बाखाली. विरूपाक्षनं गावच्या नाटकातल्या राक्षसासारखं हा-हा-हा केलं. नाझनीननं सिनेमातल्या बाईसारखं केलं. हारिसनं घोड्यासारखं केलं. बल्ब ढिम्म. पिवळा, गोल, स्वस्थ.

‘बघ. काही न्हाई,’ हारिस म्हणाला. त्याला बरं वाटलं, आणि कुठंतरी बरं वाटलंही नाही.

तेवढ्यात अमीरबी दारात आली. तिनं तिघांकडं नीट बघितलं. ‘पोटात दुखून राहिलं का रे सगळ्यांच्या? ओवा देऊ?’

आता मात्र खरं हसू फुटलं. विरूपाक्ष चटईवर आडवा झाला. नाझनीनच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बघून अमीरबीही तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागली. बल्ब एकदा पांढराशुभ्र भडकला आणि गेला.

अंधारात हसू तसंच चालू राहिलं, मग हळूहळू उतरलं. विरूपाक्ष थांबला. नाझनीननं नाक ओढलं आणि थांबली. अमीरबी ‘या अल्ला’ म्हणाली आणि थांबली. हारिस थांबला.

मग दाराच्या बाजूनं कुणीतरी हसलं.

छातीतून सुरू झालेलं, जरा घोगरं, शेवटी उचकी लागल्यासारखं तुटणारं हसू. फार मोठं नाही. एखाद्याला जोक आत्ता कळावा तसं.

अबुजरला जोक उशिरा कळायचा. घरातली ती जुनी मौज होती. सगळे हसून मोकळे झाले की तो गंभीरपणे एकेकाचं तोंड बघायचा. पुढचं बोलणं सुरू व्हायचं, चहा यायचा, आणि मग त्याची ट्यूब पेटायची. मग तो एकटा हसायचा, आणि त्याचं ते हसणं बघून सगळे परत हसायचे. घरातला प्रत्येक जोक दोनदा हसला जायचा तो त्याच्यामुळं.

आता कुणी परत हसलं नाही. हारिसच्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि त्याच वेळी गालांतून हसू आवरत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडावर कशा होतात हे त्याला कळेना.

काडेपेटी ओढल्याचा आवाज झाला. अमीरबीनं चिमणी लावली. दारात कुणी नव्हतं.

‘शेजारचं कुणी आसंल,’ विरूपाक्ष म्हणाला.

‘पत्र्याचा आवाज आसंल,’ हारिस म्हणाला. भूकंपानंतर त्यांनी माळवदाची माती उतरवून वर पत्रे टाकले होते, आणि पत्रा आवाज परत फेकतो. खात्री करायला तो मोठ्यांदा ओरडला. पत्र्यानं आवाज परत दिला. पण लगेच दिला. उशिरा नाही.

५

दुसऱ्या दिवशी अमीरबीनं हारिसला बाजारात धाडलं.

‘बल्ब आण.’

‘किती?’

‘खोकंच आण.’

आणि मग त्या घरात अशा संध्याकाळी आल्या, की गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं इथं लग्न उरकून गेलंय आणि पाहुणे हलायला तयार नाहीत. विरूपाक्ष क्लासमधून जोक गोळा करून आणायचा. पोरं सूत्रं लिहून घ्यायची तेव्हा हा मागच्या बाकावर जोक पाठ करत बसायचा. नाझनीन सगळ्या गल्लीची नक्कल करायची. ज्ञानोबाची तर अशी, की गिरणीचं पीठ नाकात गेल्यासारखं व्हायचं. अमीरबी आपल्या सासूच्या गोष्टी सांगायची, ज्या तिनं इतकी वर्षं भीतीपोटी सांगितल्या नव्हत्या. सगळे हसायचे, बल्ब भडकून जायचा, आणि अंधारात चौघं श्वास धरून बसायची.

मग ते यायचं. कधी चटकन, कधी इतक्या वेळानं की आता नाहीच असं वाटावं. हारिस मनात म्हणायचा, कळू दे, भाई, सावकाश कळू दे.

पण एक गोष्ट त्याला सुखानं झोपू देत नव्हती. पहिल्यांदा हसू दारातून आलं होतं. पुढं ते भिंतीजवळच्या खाटेपाशी आलं. मग चटईच्या कडेला. एका संध्याकाळी ते हारिस आणि अमीरबी यांच्यामध्ये आलं, आणि त्या दोघांमध्ये वीतभरही जागा नव्हती. तिकडच्या बाजूनं हारिसच्या दंडाला ऊब लागली, पेटल्या बल्बाजवळ हात नेल्यावर लागते तशी. त्यानं हात पुढं केला. अर्ध्यावरून मागं घेतला. आपण हात मागं का घेतला, हे त्याला रात्रभर समजलं नाही. भाई होता म्हणावं तर घट्ट धरायला हवं होतं. भाई नव्हता म्हणावं तर मग ते काय होतं?

‘अम्मी,’ त्यानं सकाळी विचारलं, ‘भ्या वाटतं का तुला?’

अमीरबी तांदूळ निवडत होती. ‘वाटतं ना,’ ती म्हणाली. ‘पण आधी लई बरं वाटतं.’

त्याच दिवशी धर्माबादहून निरोप आला. रविवारी येतो, मुलाचे अब्बा आणि मुलाची फुप्पी, म्हणजे आत्या. फुप्पीनं हो म्हटलं की घर हो म्हणतं, हेही निरोप आणणाऱ्यानं सांगितलं.

६

‘रविवारी कुणी हसायचं न्हाई,’ अमीरबीनं फर्मान काढलं. ‘पाहुणे येऊन जाईपर्यंत. बल्ब गेला तर उदगीरवाणी होईल.’

‘त्यापेक्षा गॅसबत्ती आणतो भाड्यानं. बल्बच नको,’ हारिस म्हणाला.

‘लायटिंगवाल्याच्या घरात बत्ती? काय म्हणतील?’ नाझनीन म्हणाली. ‘बल्ब राहू दे. मी हसत न्हाई. तू तोंडात सुपारी धरून बस.’ मग हळूच, फक्त हारिसला ऐकू जाईल असं, ‘आणि बल्ब न्हाई म्हणल्यावर भाई कसा येणार? माझं ठरायचंय, त्यानं असायला नको?’

हारिसनं नवा बल्ब लावला. होल्डर पुसला. विरूपाक्षला ताकीद दिली. विरूपाक्ष म्हणाला, मी पाठीमागं बसून आवर्तसारणी म्हणतो, तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

पाहुणे दिवस मावळायच्या सुमाराला आले. मकसूदचे अब्बा उंच, मितभाषी, सारखे नाक पुसणारे. आणि फुप्पी. फुप्पी बसकी, गोल, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आल्या आल्या खाटेवर बसून तिनं जी सुरुवात केली ती देवानं यांची परीक्षा घ्यायलाच तिला पाठवली असावी अशी.

‘आमच्या घरी मिरची लई. पोरीला सांगून ठेवते. आमच्यात सून आली की पहिला महिना तोंड बघायला मिळत न्हाई, नुसत्या शिंका ऐकू येतात.’

नाझनीननं पदर तोंडावर ओढला. हारिसनं सुपारी दाताखाली धरली. अमीरबीनं जमिनीकडं बघितलं. वर बल्ब स्थिर होता.

पाहुण्यांना ही शांतता विचित्र वाटत असणार. फुप्पीनं सगळ्यांवरून एक डोळा फिरवला आणि ठरवलंच, की या दुखवट्यातल्या घराला हसवल्याशिवाय उठायचं नाही.

‘माझ्या निकाहाची गोष्ट सांगते. काझींनी विचारलं, कबूल हाय का? तर आमच्या ह्यांना आली मिरचीची शिंक. काझी म्हणाले, चला, एकदा झालं. परत आली. म्हणाले, दोनदा झालं. आता तिसरी येईना. सगळा मांडव त्या माणसाच्या नाकाकडं बघून राहिला. सासरा उठला, आत बघून आला. सासू दुवा मागायला लागली. अन् शिंक काही...’

विरूपाक्षची आवर्तसारणी थांबली होती. नाझनीनचे खांदे हलत होते. हारिसच्या पोटातून कळ येत होती. अमीरबीच्या घशातून किटलीसारखा आवाज यायला लागला. आणखी एक शब्द, आणि गेलं असतं सगळं.

आणि वर बल्ब झुलला.

आधी जरासा. मग एका बाजूला जाऊन, दुसऱ्या बाजूला. भिंतीवरच्या सावल्या लांब झाल्या, आखूड झाल्या.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. अमीरबी चहाची किटली घेऊन उठली, विरूपाक्ष गाईड घेऊन, नाझनीन पदर सावरत. आणि हारिस त्या सगळ्यांच्या आधी उंबऱ्यापलीकडं होता. पाहुणे खाटेवर तसेच राहिले. धर्माबादेला बल्बाकडं बघून पळायची रीत नव्हती.

७

हौदापाशी उभं राहिल्यावर त्यांना दोन गोष्टी एकदमच कळल्या. पाहुणे आत राहिलेत, ही एक. आणि जमीन हलत नव्हती, ही दुसरी. हौदातलं पाणी आरशासारखं होतं. भिंतीपलीकडं ज्ञानोबा निवांत पट्ट्याला तेल लावत होता.

‘काय झालं?’ त्यानं विचारलं.

‘भूकंप,’ विरूपाक्ष म्हणाला.

‘कुठं?’

नाझनीनचा चेहरा पांढरा पडला. ‘गेलं,’ ती म्हणाली. ‘पाहुण्यांना टाकून पळालो आपण. आता कसले हो म्हणतात.’

तेवढ्यात आतला उजेड पांढरा झाला आणि गेला. खिडकी काळी झाली.

काळ्या खिडकीतून फुप्पीचा आवाज आला. तो मुळीच घाबरलेला नव्हता. ‘...मग काय, मीच पडद्याआडून चिमूटभर मिरची धाडली.’

मकसूदचे अब्बा हसले. ती गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकलेली असणार, तरी हसले. फुप्पी स्वतः हसली. मग दोघांचं हसणं ओसरलं, आणि फुप्पी पुढचं काहीतरी सांगू लागली, नणंदेचं, कोंबडीचं.

आणि मग तिसरं कुणीतरी हसलं. घोगरं, छातीतून, शेवटी उचकी लागणारं. इतकं मोकळं, इतका वेळ, की फुप्पीला थांबावं लागलं, आणि मग तीही परत हसायला लागली.

हारिसनं बाजूला बघितलं. अम्मी. आपा. विरूपाक्ष. तो स्वतः. सगळे बाहेर होते.

कुणी आत जाईना. अंगणात गार वारा होता आणि हारिसच्या पाठीवरून घाम उतरत होता. नाझनीननं त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. अमीरबीनं किटली हौदाच्या कठड्यावर ठेवली, पदर नीट केला, आणि सगळ्यांत पुढं तीच चालली.

फुप्पी अंधारातून चाचपडत उंबऱ्याशी आली होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता.

‘अहो, भूकंपाच्या भ्यानं तुम्ही पळालात कुठं?’ ती म्हणाली. ‘बरं झालं तुमचा तो पोरगा बसला आमच्याजवळ. कोण, पुतण्या का भाचा? बल्ब गेला तशी मला वाटलं आता पडते मी, तर त्यानं पाणी हातात दिलं. हात कसला गरम हाय त्याचा, ताप आहे का बघा. बोलत काही न्हाई, पण काय हसतो! मी कोंबडीवर गेले तवा त्याला शिंक कळली.’

मकसूदचे अब्बा मागून बाहेर आले. त्यांनी नाक पुसलं. ‘त्याला बोलवा की बाहेर,’ ते म्हणाले.

अमीरबीनं काळ्या दाराकडं बघितलं.

‘लाजतो तो,’ ती म्हणाली. ‘घरचाच हाय.’

‘मग झालं तर,’ फुप्पी म्हणाली. ‘घर पडंल म्हणून सगळे पळाले आणि एक जण पाहुण्यांपाशी थांबला. असा माणूस ज्या घरात हाय तिथली पोरगी आम्हाला पाहिजे. का रे?’

अब्बांनी मान हलवली. ‘उजेडाचं मात्र बघा जरा,’ ते म्हणाले.

‘बल्ब हाय तो, जातोच,’ फुप्पी म्हणाली.

नाझनीननं हारिसचं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग अंगणातच साखर वाटली गेली, चटया अंथरल्या गेल्या, विरूपाक्षला चहा गाळायला बसवलं गेलं, आणि ज्ञानोबा भिंतीवरूनच तेलाचा हात पुढं करून साखर मागायला लागला.

८

‘हारिस, बल्ब लाव जा,’ अमीरबी म्हणाली. म्हणताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

त्यानं खोक्यातून बल्ब घेतला आणि गेला. हारिसचं सगळं असंच, आधी जायचं आणि मग जायला नको होतं का ते बघायचं. बैठकीत काळोख होता. त्यानं आधी बटण बंद केलं, पायानं चाचपून उंच लाकडी स्टूल बल्बाखाली ओढलं आणि चढला. वर पोचून हात होल्डरकडं नेल्यावर त्याला आठवलं, की या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. खालून धरल्याशिवाय त्यावर कुणी चढत नाही. अबुजर चढायचा तेव्हा हारिस दोन्ही हातांनी धरायचा, आणि वरून ‘झालं’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही असा त्यांच्या कामाचा नेम होता. भाई गेल्यापासून विरूपाक्ष धरत होता. विरूपाक्ष आत्ता अंगणात चहा गाळत होता.

हारिस हलला नाही. मग हललं तरी काही होत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हळूच अंग आखूड पायाच्या बाजूला टाकलं. स्टूल कललं नाही. डुगडुगलंही नाही. जमिनीत पुरल्यासारखं उभं होतं, आणि त्याच्या गुडघ्यांपाशी ऊब होती.

त्यानं खाली बघितलं नाही. अंधारात काही दिसलं नसतं. दिसलं असतं तर काय, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

त्यानं जुना बल्ब काढला. तो अजून कोमट होता. खिशात ठेवला. नवा होल्डरमध्ये दाबला, फिरवला, बसला. मग परत काढला. त्याच्या पिना शर्टाच्या टोकाला पुसल्या, त्या स्वच्छच होत्या, आणि पुन्हा बसवला, जितका सावकाश बसवता येईल तितका सावकाश.

‘पोरा, उजेड आज पडंल का उद्या?’ बाहेरून फुप्पी ओरडली, आणि अंगणभर हसू उठलं. त्यात अम्मीचं होतं, आपाचं होतं, ज्ञानोबाचंसुद्धा होतं.

‘पडंल, पडंल,’ हारिस म्हणाला.

बल्ब बसला होता. आता वरच्यानं एकच शब्द म्हणायचा असतो, म्हणजे खालच्याचे हात मोकळे होतात. तो शब्द हारिसच्या ओठापर्यंत आला होता. त्यानं तो म्हटला नाही. होल्डरला एक हात लावून, अंगणातलं हसणं ऐकत, तो वर नुसता उभा राहिला.